जुने दिवे, नवी घरं : लेथवर घडलेली शेड

मुंबईच्या टाउन हॉलमधल्या १९३७ च्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनावरच्या भागानंतर या सदरात आज ट्यूबलाइटचा भाग यायचा होता. तो पुढच्या आठवड्यात. भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहणाऱ्या एका वाचकांच्या प्रश्नाने मला माझ्या आवडत्या विषयाकडे ओढलंय. चोरबाजारातून त्यांनी जुनी अ‍ॅल्युमिनियमची लटकती शेड आणली. पुसल्यावर आतून बारीक, एकात एक गोल रेघा दिसल्या. शेड नकली निघाली का, असं त्यांनी विचारलंय.

रेघांवरून तसं मुळीच म्हणता येणार नाही. ती स्पिनिंगची खूण आहे. पत्र्याचं गोल सर्कल लेथवर साच्याला घट्ट टेकवून फिरवतात. कारागीर लांब दांड्याचं हत्यार काखेत दाबून, अंगाचा भार देत पत्रा हळूहळू साच्यावर बसवत नेतो. कुंभाराच्या चाकावर माती वर चढते, इथे पत्रा साच्यावर उतरतो. हत्यार ज्या वाटेने सरकलं, तिच्याच त्या रेघा.

स्वस्त आधुनिक घराची गोष्ट मला इथे सापडते. प्रेसवर शेड काढायची तर पोलादी डाय लागतो, आणि हजारो नग काढल्याशिवाय त्याचा खर्च निघत नाही. स्पिनिंगला एक साचा पुरतो, लाकडाचासुद्धा चालतो. म्हणजे शंभर शेड काढायच्या असल्या, तरी छोट्या गाळ्याला ते परवडतं.

डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेनचा १९५८ चा ‘पीएच ५’ दिवा जगभर गाजला. त्याच्याही शेड स्पिनिंगच्याच. बल्बचे आकार कंपन्या सारखे बदलतात याला तो वैतागला होता. म्हणून कुठलाही बल्ब लावा, डोळ्यांवर तिरीप येणार नाही, अशा थरांची शेड त्याने रचली. सर्वांत मोठ्या थराचा व्यास ५० सेंटिमीटर, त्यावरून नावातला ५.

स्टीलच्या भांड्यांच्या धंद्यातही हीच कारागिरी चालते, आणि भाईंदर पूर्व तर भांड्यांच्या गाळ्यांसाठीच ओळखलं जातं. तेव्हा जोडीची दुसरी शेड हवी असेल, तर आधी तिथेच चौकशी करावी. कारागिराला फोटो नको, शेडच नेऊन दाखवा.

मात्र रेघा दिसल्या म्हणून शेड जुनी ठरत नाही. आजही ती अशीच बनते. वय ओळखायला होल्डर आणि वायर बघा. बेकेलाइटचा होल्डर आणि कापडी वेष्टणाची वायर मूळची असेल, तर शेड जुनी असण्याची शक्यता बरीच. एनॅमलचा लेप असलेली शेड मात्र पोलादी असते. तिला लोहचुंबक चिकटतं, अ‍ॅल्युमिनियमला नाही.

दिवा लावण्याआधी जुनी वायर बदलाच, तिचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. धातूच्या शेडला अर्थिंगही घ्या. आणि आतून पांढरा रंग असेल तर तो चकाकीसाठी खरवडू नका. प्रकाश सगळीकडे सारखा पसरवायचं काम तोच करतो.