मुरमावरची शर्यत आणि परवडणारी चाके

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर शंकू मांडून आखलेल्या वळणावळणांच्या मार्गावरून कमीत कमी वेळात गाडी बाहेर काढण्याची स्पर्धा. तिच्यात वेग रॅलीइतका चढत नाही आणि रोजच्या वापरातली गाडीही उतरवता येते, म्हणून हौशी चालकाला मोटारशर्यतीत शिरण्याची हीच सर्वांत परवडणारी वाट ठरते. अमेरिकेत ही स्पर्धा बहुधा डांबरी पटांगणावर होते, भारतात मात्र अनेकदा मातीवर; त्यामुळे तिकडचे मऊ रबराचे, जवळजवळ बिननक्षीचे महागडे टायर अशा मैदानावर कुचकामी ठरतात आणि चाकांची निवड मातीपासूनच सुरू करावी लागते.

बीड जिल्ह्यात ही माती दोन टोकांची आहे. गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यातली खोल काळी जमीन पावसात चिकटते आणि टायरच्या खाचा क्षणात लिंपून टाकते, मग नक्षी कितीही खोल असली तरी उपयोग नसतो; बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरची हलकी, मुरमाड जमीन मात्र पाणी लवकर सोडते, आणि शर्यतीला साजेशी तीच. कठीण मुरमावर सुटे खडे पसरलेले असतात, म्हणून तिथे ठळक कडांच्या, सुट्या ठोकळ्यांची नक्षी आणि जाड बगल (टायरची बाजूची भिंत) असलेला टायर हवा.

टायर काम कसे करतो, हे या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ऊसतोडीच्या गाडीला लाकडी चाकावरची लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आला, तेव्हा तोच भार मऊ रानातून ओढणे बैलांना सोपे झाले, कारण अरुंद धाव जमिनीत रुतते, तर हवेचा टायर दबून भार पसरवतो. शर्यतीच्या गाडीत टायरच्या जमिनीला टेकलेल्या याच ठशावर आणखी एक ओझे पडते: वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ न देण्याचे.

टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिलेले असते, त्यात १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के बगलेची उंची आणि १४ हा इंचांमधला रिमचा व्यास. मागील पिढीच्या स्विफ्ट मोटारीला साध्या प्रकारात हाच टायर, तर वरच्या प्रकारात १८५/६५ आर १५ असे. गणित केले तर दोन्ही चाकांचा एकूण व्यास सुमारे ६२ सेंटिमीटरच भरतो, फरक पडतो तो बगलेत, एकीकडे १३२ तर दुसरीकडे १२० मिलिमीटर. खड्ड्याचा मार आधी हीच बगल झेलते, म्हणून दिसायला साधे असलेले १४ इंची चाक मुरमावर अधिक शहाणपणाचे, शिवाय स्वस्त.

रिमच्या बाबतीतही चमकेला भुलू नये. लोखंडी रिम वाकली तर बऱ्याचदा ठोकून सरळ करता येते, ओतीव अलॉय मात्र तडकते, आणि स्वस्त अलॉय लोखंडी रिमपेक्षा हलके असेलच असे नाही. जुन्या रिम घेताना बोल्टची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास (स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिलिमीटर) जुळतो ना, हे पाहावे आणि प्रत्येक रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून घ्यावी. डोळ्यांना न दिसणारा बाक तिथे लगेच उघडा पडतो.

वाचवलेला पैसा टायरवरच खर्चावा. बगलेवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर जुने झाले की कडक पडते आणि पकड जाते, म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ टायर स्वस्तातही घेऊ नये. रिट्रेड म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर. तो मालवाहू गाडीला चालतो, पण शर्यतीत वळणावरचा आडवा ताण नवा थर उचकटू शकतो, तेव्हा तिथे काटकसर करणे हा जिवाशी खेळ आहे.

हवेचा दाब मैदानातच ठरतो. टायरच्या खांद्यावरून (नक्षी आणि बगल जिथे मिळतात त्या कडेवरून) बगलेपर्यंत खडूची रेघ ओढून एक फेरी मारावी. रेघ बगलेवर खोलवर पुसली गेली असेल तर टायर वळणावर लोळतो आहे आणि हवा वाढवायला हवी, खांद्यावरही ती तशीच राहिली असेल तर थोडी सोडायला हवी, आणि पुढच्या फेरीआधी रेघ पुन्हा ओढायला हवी.