रिठ्याचं पाणी पोटात नको

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद हा सगळा तुरीचा पट्टा. घरोघरी फवारणीचं औषध असतं, आणि ते कुणाच्या पोटात गेलं की पहिली धावपळ होते ती रिठ्यांसाठी. रिठे कुस्करून फेसाळ पाणी पाजायचं, ओकारी झाली की विष उतरलं, असा समज. तो जिवावर बेततो.

रिठ्याने ओकारी होते हे खरं. त्यातलं सॅपोनिन जठराच्या अस्तराला झोंबतं. पण ओकारीतून सगळं विष पडत नाही. अनेक कीटकनाशकं रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेली असतात. ओकताना ते द्रावक आणि वर रिठ्याचा फेस श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसं निकामी होऊ शकतात. माणूस गुंगीत असेल तर हा धोका फार वाढतो. ॲसिडसारखं काही प्यायलं असेल तर अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. साप चावल्यावर तर या पाण्याचा काहीच उपयोग नाही. ते विष पोटात नसतंच, दंशाच्या जागेतून अंगात पसरत असतं.

रिठा वाईट नाही. कानडी शेजारी त्याला अंटवाळ म्हणतात. वाळलेलं फळ हलवलं की आत बी खुळखुळते. साबण त्या काळ्या, टणक बीमध्ये आहे असं अनेकांना वाटतं. तो असतो बाहेरच्या सुरकुतलेल्या, चिकट तपकिरी सालीत. म्हणून बी काढून टाकायची आणि साल कोमट पाण्यात भिजवायची. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. मळ सुटतो तो त्यामुळे. सराफ दागिने उजळायला रिठा वापरतात, लोकरी आणि रेशमी कपड्यांनाही तो मानवतो. शिकेकाईशी मात्र त्याचं नातं नाही. ती शेंगा येणारी काटेरी वेल, हा वृक्ष.

त्याचा खरा भाऊबंद दूर युरोपात आहे: हॉर्स चेस्टनट. दोघेही सॅपिंडेसी कुळातले. आपली लिचीही त्याच कुळातली. हॉर्स चेस्टनटची भारतीय जात काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या थंड डोंगरांत वाढते. तिकडेही घोटाळा आहेच. खाण्याच्या चेस्टनटसारखी दिसते म्हणून ही तुकतुकीत बी कुणी कुणी खातं आणि पोट बिघडवून घेतं. कारण तेच, सॅपोनिन.

‘झाडाचं आहे, मग अपाय कसला?’ हा समजही सोडायला हवा. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर भयंकर आग होते; मुलांचं डोकं धुताना जपा, आणि गेलंच तर स्वच्छ पाण्याने डोळे बराच वेळ धुवा. हेच पाणी मासे पकडायला डोहात टाकण्याची जुनी रीत आहे. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. तेव्हा रिठ्याचं धुणं ओढ्याकाठी नको.

आता मुख्य गोष्ट. पोटात विष गेलं असेल तर काही पाजू नका, घशात बोटं घालू नका. बेशुद्ध माणसाला डाव्या कुशीवर निजवा. 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या. लेबलवरचं नाव वाचूनच डॉक्टर उतारा ठरवतात. बीदरला ब्रिम्स, कलबुर्गीला जिम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. रिठे शोधण्यात एक मिनिटही घालवू नका.