पहिला एस.एल.आर. कॅमेरा घेताना

आपल्या वस्त्यांतील तरुण आता फोटोग्राफीकडे केवळ हौस म्हणून नव्हे, तर पोटापाण्याचे साधन म्हणून पाहू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र कॅमेऱ्यासाठी लागणारा पैसा बहुधा वडिलांच्या फंडातून किंवा आईच्या बचत गटातून येतो. तो जपून खर्च व्हावा, म्हणून चार गोष्टी सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट, सगळी रक्कम कॅमेऱ्यावर घालू नये. दहा रुपये असतील तर तीन रुपये इतर वस्तूंसाठी मागे ठेवावेत. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली आपले मोठे मिररलेस कॅमेरे बाजारात आणले आणि पुढे त्यांचा भर तिकडेच गेला. त्यामुळे वापरलेले एस.एल.आर. आता बरेच मिळतात. जुनी लेन्स घेताना ती उजेडाकडे धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी समजावी आणि तो सौदा सोडून द्यावा.

कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मि.मी.ची लेन्स मिळते. तिला कमी लेखू नये. १८ वर खोलीतले सगळे कुटुंब मावते, ५५ वर एकट्याचा चेहरा चांगला येतो. तिची अडचण एकच, कमी उजेड. त्यासाठी दुसरी लेन्स घ्यायची ती ५० मि.मी., एफ १.८. हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते. १८-५५ ची लेन्स ५५ वर ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. हिशेब केला तर १.८ ची लेन्स जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे एक दशांश सेकंद लागून फोटो हलतो, तिथे एक शतांश सेकंदात काम होते. लग्नाच्या हॉलमध्ये याचे मोल कळते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. निकॉनच्या डी ३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. त्यावर ए.एफ.-एस किंवा ए.एफ.-पी असे लिहिलेलीच लेन्स घ्यावी, नाहीतर फोकस हाताने करावा लागतो. कॅननच्या ई.ओ.एस. एस.एल.आर.ला १९८७ पासूनच्या ई.एफ. लेन्स चालतात.

आता इतर वस्तू. ६४ जी.बी.चे एक कार्ड घेण्यापेक्षा ३२ चे दोन घ्यावेत. एक बिघडले तरी सगळे लग्न बुडत नाही. जादा बॅटरी हवीच. वेगळा फ्लॅश कमाई सुरू झाल्यावर घ्यावा, पण डोके फिरणारा. तो पांढऱ्या छताकडे वळवला की उजेड मऊ होऊन खाली येतो आणि भिंतीवर काळी सावली पडत नाही. छत फार उंच किंवा रंगीत असेल, तर ही युक्ती चालत नाही. हलका, डुगडुगणारा ट्रायपॉड घेण्यापेक्षा काही महिने थांबून भक्कम घ्यावा.

लेन्स पदराने वा शर्टाने पुसू नये. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसावी. लेन्सचे हूड मात्र जरूर घ्यावे. बाजूचा उजेड ते अडवते आणि धक्काही झेलते. लेन्सवर फिरवून बसवायच्या स्वस्त जादा काचा आणि रंगीत फिल्टरचे संच दुकानदार आग्रहाने देतात. ते नम्रपणे नाकारावेत.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेची वस्तू स्वयंपाकघरातच आहे. पावसाळ्यात ओल आली की लेन्सवर बुरशी धरते आणि काचेचा लेप कायमचा खराब होतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि कॅमेरा त्यातच ठेवावा. बॅगेत घालून कपाटात कोंडू नये.

पालकांना आमचे एवढेच सांगणे, की कॅमेरा आला त्याच दिवशी मुलाच्या वा मुलीच्या हाती एक वहीही द्यावी. पहिल्या पानावर खर्च, पुढे प्रत्येक कामाची मिळकत. दुसरी लेन्स त्या वहीतल्या शिलकेतून यावी, नव्या कर्जातून नव्हे.