ग्राफिक्स कार्डाविना लॅपटॉप : गेम चालतील काय?

बारावीनंतर मुलगा अभियांत्रिकीला किंवा बी.सी.ए.ला गेला की घरात लॅपटॉपची मागणी होते. त्यातच ‘गेमिंगवालाच घ्या, साध्यावर काही चालत नाही’ असा आग्रह सुरू होतो. दोहोंच्या किमतीत हजारो रुपयांचा फरक असतो आणि तो भरून काढण्यासाठी पुष्कळ पालक व्याजी हप्त्यांच्या फंदात पडतात. म्हणून साध्या लॅपटॉपवर आजचे गेम कितपत चालतात, हे आम्ही येथे मांडत आहोत.

पडद्यावरचे चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्सचा भाग करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्यासाठी वेगळी चिप असते आणि तिची स्वतःची वेगवान मेमरी असते. साध्या लॅपटॉपमध्ये हा भाग प्रोसेसरमध्येच बसवलेला असतो. त्यालाच इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो लॅपटॉपच्या रॅममधून वाटा घेतो. खरी अडचण इथेच आहे. डीडीआर४ प्रकारच्या ३२०० वेगाच्या रॅमची एकच स्टिक असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहितीची ने-आण होते. दोन स्टिक असतील तर हाच आकडा ५१.२ जीबी होतो. रॅम तेवढीच, पण एकाऐवजी दोन स्टिकमध्ये असली तर गेमच्या वेगात चांगलाच फरक पडतो, तो यामुळे.

आता गेमचे पाहू. २०२० साली आलेल्या ‘व्हॅलोरंट’साठी कंपनीनेच किमान गरज म्हणून इंटेल एचडी ४००० हे २०१२ सालचे इंटिग्रेटेड ग्राफिक्स सांगितले आहे. ‘माइनक्राफ्ट’ही अशा लॅपटॉपवर चालतो. याउलट ‘सायबरपंक २०७७’ची किमान गरज जीटीएक्स १०६० या वेगळ्या कार्डाची आहे, तर २०२४ सालच्या ‘इंडियाना जोन्स’ गेमला आरटीएक्स २०६० सुपर लागते.

तरीही इंटिग्रेटेड ग्राफिक्स पूर्वीइतके दुबळे राहिलेले नाही. एएमडीचे रेडिऑन ६८०एम २०२२ साली आणि ७८०एम २०२३ साली आले. २०२२ सालचे ‘स्टीम डेक’ हे हातातले यंत्रही वेगळ्या कार्डाविना, १६ जीबी सामायिक रॅमवर, अनेक मोठे गेम चालवते. मात्र त्याचा पडदा १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचाच आहे. लॅपटॉपवरही हीच युक्ती चालते. १९२० गुणिले १०८० वर प्रत्येक चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके रंगवावे लागतात, तर १२८० गुणिले ७२० वर सुमारे ९ लाख २२ हजार. म्हणजे काम निम्म्याहून कमी होते. चित्र थोडे धूसर दिसेल, पण खेळता येईल.

दुकानात तीन गोष्टी जरूर पाहाव्यात. ‘८ जीबी ग्राफिक्स’ असे सांगितले तर ती मेमरी स्वतंत्र की ‘शेअर्ड’, हे विचारावे, कारण १६ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवरही विंडोज सुमारे ८ जीबी शेअर्ड ग्राफिक्स मेमरी दाखवते. दुसरे म्हणजे, इंटेलच्या ‘आयरिस एक्सई’ प्रोसेसरला रॅमची एकच स्टिक लावली तर तेच ग्राफिक्स नुसते ‘यूएचडी’ म्हणून दिसते, म्हणून यंत्र सुरू करून नाव वाचावे. तिसरे, रॅम बोर्डावर पक्की बसवलेली आहे की पुढे वाढवता येते, याची खात्री करावी. सर्वसाधारण लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप नंतर बसवता येत नाही, त्यामुळे निर्णय खरेदीपूर्वीच घ्यावा लागतो.

या व्यवसायात असलेल्या आमच्या बांधवांनाही एक सांगणे आहे. मालाची उणीव न लपवता सांगणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे आणि खऱ्या व्यवहारातच बरकत आहे. शेअर्ड मेमरी स्वतंत्र म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूकच होय.

पालकांनी मुलाला आधी गेमची नावे विचारावीत, त्यांची किमान गरज तपासावी आणि मगच यंत्र ठरवावे. अभ्यासक्रमात थ्रीडी डिझाइनसारखे जड काम नसेल, तर दोन स्टिकमध्ये १६ जीबी रॅम असलेला साधा लॅपटॉप अभ्यासाला पुरतो आणि फावल्या वेळच्या खेळालाही चालतो. केवळ एखाद-दुसऱ्या भारी गेमसाठी व्याजाचा बोजा डोक्यावर घेणे शहाणपणाचे नाही.