ठिणगीची हाक

वळवाचे ढग भरून आले आणि वीज चमकली, की घरातला जुना ट्रान्झिस्टर 'खर्रर्र' करतो. आपल्या चंदगड भागात तर हा अनुभव घरोघरचा. गडगडाट मागून येतो, पण खरखर मात्र विजेच्या लखलखाटाबरोबरच ऐकू येते. म्हातारी माणसे म्हणतात, रेडिओ बंद करा, वीज ओढून घेईल. रेडिओ वीज ओढून घेत नाही. आकाशात जी प्रचंड ठिणगी पडली, तिने चहूकडे लहरी फेकल्या आणि त्या आपल्या रेडिओने पकडल्या, एवढाच त्याचा अर्थ.

माता-भगिनींना हा प्रयोग घरातही करून पाहता येईल. ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, जिथे कुठलेच स्टेशन लागत नाही अशा जागी लावा. गॅस बंदच असू द्या. शेगडीपासून लांब बसून गॅस लायटरचा खटका रेडिओजवळ दाबा. दर खटक्याला रेडिओतून 'टक्' असा आवाज येईल. लायटर आणि रेडिओ यांच्यामध्ये तार नाही, तरी निरोप पोहोचला. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्रावरच्या बोटी एकमेकींशी बोलू लागल्या त्या याच तत्त्वावर. फक्त त्यांची ठिणगी मोठी होती आणि ती शिस्तीत बांधलेली होती. ती शिस्त कशी लावली, हे आज सांगायचे आहे.

आम्ही शास्त्राचे पदवीधर नव्हे. बी.कॉम. होऊन कचेरीत कारकुनी करतो. परंतु बारावीच्या मुलांना कॉइल आणि कंडेन्सरचे सूत्र घोकताना आम्ही पाहतो, आणि त्या सूत्रावर कधीकाळी माणसांचे जीव तरले हे त्यांना कोणी सांगत नाही याचे वाईट वाटते. म्हणून हा खटाटोप.

आधी अडचण काय होती ती पाहू. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. एवढ्या संथ विजेच्या लहरी तारेवरून दूरवर सुटत नाहीत. लांबवर जाणारी लहर हवी असेल तर वीज सेकंदाला लाखो वेळा पुढे-मागे व्हावी लागते. त्या काळच्या बोटींच्या यंत्रांची एक नेहमीची लहर ६०० मीटर लांबीची होती. लहर सेकंदाला ३० कोटी मीटर धावते, म्हणजे भागाकार केला तर सेकंदाला ५ लाख हेलकावे. आता सेकंदाला ५ लाख वेळा दिशा बदलणारे जनित्र कोण फिरवणार? तेव्हा तसले यंत्र कोणाजवळ नव्हते, आणि आज घरोघरी असणारे ट्रान्झिस्टर तर पन्नास वर्षे पुढे होते.

मार्ग सापडला तो शाळेच्या घंटेसारखा. शिपाई रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारतो तो एकदाच, पण रूळ थरथरतो सेकंदाला शेकडो वेळा. हातोड्याला तेवढ्या वेगाने हलावे लागत नाही. थरथरण्याचा वेग रुळाच्या लांबी-जाडीवर ठरतो. ठिणगीच्या यंत्रात ठिणगी हा हातोडा, आणि कंडेन्सर व कॉइल यांची जोडी हा रूळ.

कंडेन्सर म्हणजे पंख्याला असतो तोच, फक्त अवाढव्य. सुरुवातीला काचेच्या बरण्यांना आतून-बाहेरून धातूचा पातळ पत्रा चिकटवून तो करीत. कॉइल म्हणजे तांब्याच्या जाड तारेची किंवा नळीची काही वेटोळी. या दोघांच्या वाटेत मुद्दाम एक फट ठेवलेली, दोन धातूच्या गोळ्यांमधली. फटीत हवा, आणि हवेतून वीज सहजी जात नाही. बरणी भरत जाते, दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. कोरडी हवा साधारण एका सेंटिमीटरला ३० हजार व्होल्टपर्यंत तग धरते. त्यापुढे तिचा बांध फुटतो आणि कडाड्! ठिणगी पडते.

ठिणगी पडली की तीच फट क्षणभर तारेसारखी होते. बरणीच्या एका बाजूची वीज कॉइलमधून दुसऱ्या बाजूकडे धावत सुटते. पण झोका जसा मधोमध थांबत नाही, वेगाने पलीकडे चढतो, तशी ही वीज पलीकडची बाजू भरून टाकते. मग उलटी फिरते, पुन्हा इकडे. असे हेलकावे चालतात. दर हेलकाव्याला थोडी शक्ती उष्णतेत, उजेडात, आवाजात जाते, थोडी लहर होऊन निसटते. जमा संपली की झोका थांबतो, ठिणगी विझते, फट पुन्हा बंद. मग बरणी नव्याने भरायची. बरणी मोठी किंवा वेटोळी जास्त, तर हेलकावे संथ. बरणी लहान, वेटोळी कमी, तर हेलकावे जलद. मुले घोकतात ते सूत्र हेच.

बरणी भरायला हजारो व्होल्ट कोठून आणायचे? पेट्रोलच्या जुन्या मोटारीचे बॉनेट उघडून पाहा. १२ व्होल्टची बॅटरी, एक इग्निशन कॉइल, गॅरेजवाले ज्याला 'पॉइंट' म्हणतात तो उघड-मीट करणारा तुकडा, आणि शेवटी प्लग. पॉइंट उघडला की कॉइलच्या हजारो वेटोळ्यांत मोठा दाब उठतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. लहान वायरलेस यंत्राची मांडणी अगदी अशीच होती. म्हणून तर जुनी मोटारसायकल दारावरून गेली की रेडिओ तडतडतो. मोठ्या केंद्रांवर इंजिनावर चालणारे जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर असे. चालवणारा किल्ली थोडा वेळ दाबी तेव्हा टिंब, जास्त वेळ दाबी तेव्हा रेघ. बोलणे मात्र या यंत्रावर नीट पाठवता येत नसे.

ठिणगीतून लहर निघते हे जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले. आज हेलकाव्यांचे माप 'हर्ट्झ' म्हणतात ते त्यांच्याच नावाने. आपल्या देशात हे काम केले कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस यांनी. या माणसाबद्दल आम्हाला विशेष ममत्व आहे. १८८५ मध्ये नोकरीला लागले तेव्हा हिंदी प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा कमी पगार. बोस यांनी कमी पगार घेण्यास नकार दिला आणि तीन वर्षे बिनपगारी शिकवले. शेवटी सरकारला पूर्ण पगार मागील बाकीसह द्यावा लागला. पगारपत्रके लिहिण्यात उमर गेलेल्या आमच्यासारख्याला या तीन वर्षांची किंमत चांगलीच कळते.

बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवून दाखवली. त्यांनी इतरांपेक्षा उलटी वाट धरली. मोठ्या बरण्या नाहीत, तर बारीक धातूच्या गोळ्या. गोळी लहान म्हणून हेलकावा अतिजलद. त्यांची लहर ५ मिलिमीटरपर्यंत खाली आली, म्हणजे सेकंदाला सुमारे ६ हजार कोटी हेलकावे! एवढ्या जलद लहरींचे यंत्रशास्त्र जगाने पुढे कित्येक दशकांनी हाती घेतले.

मार्कोनी यांना लांब पल्ला हवा होता, म्हणून ते मोठ्या बरण्या आणि उंच खांबांकडे गेले. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या पोल्डू येथून निघालेली तीन टिंबे अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे त्यांनी जाहीर केले. दुसऱ्याच वर्षी, १९०२ मध्ये, आपल्याकडे बंगालच्या उपसागराच्या तोंडाशी सागर बेट आणि सँडहेड्स यांच्यामध्ये बिनतारी तारायंत्र सुरू झाले. हुगळीत शिरणाऱ्या बोटींना वाट दाखवणाऱ्यांसाठी त्याचा उपयोग.

परंतु ठिणगीत एक खोड होती. शाळेची घंटा चादरीत गुंडाळून वाजवली तर 'ठप्' एवढाच आवाज येतो, सूर लागत नाही. पहिल्या यंत्रांत उंच तार थेट फटीलाच जोडलेली असे. ती एक-दोन हेलकाव्यांतच सारी शक्ती उधळून मोकळी होई. असा 'ठप्' आवाज कुठल्याही एका जागी लागत नाही, सगळ्या पट्ट्यावर पसरतो. एकाने हाक मारली की बाकीच्यांनी गप्प बसायचे! जर्मनीचे फर्डिनांड ब्राऊन यांनी ठिणगीचे मंडळ वेगळे ठेवून उंच तार शेजारच्या कॉइलने जोडली. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळून मिळाले ते म्हणूनच.

त्यातही नवी अडचण निघाली. शक्ती उंच तारेत जाई आणि ठिणगी अजून जिवंत असेल तर तीच शक्ती माघारी येई. दोन झोके एका दोरीला बांधले की एक दुसऱ्याला ओढतो, तसे. तेव्हा ठिणगी वेळेवर विझवणे महत्त्वाचे ठरले. मार्कोनींच्या लोकांनी खुंट्या लावलेले चाक फिरवले. खुंटी समोर आली की ठिणगी, पुढे सरकली की वारा लागून विझली. असे सेकंदाला शेकडो वेळा झाल्याने ऐकणाऱ्याच्या कानात खरखरीऐवजी शिट्टीसारखा सूर येई आणि विजेच्या कडकडाटातूनही तो ओळखता येई. जर्मनीच्या माक्स वीन यांनी १९०६ च्या सुमारास दुसरी युक्ती काढली. तांब्याच्या अनेक चकत्या, मध्ये अभ्रकाची पातळ कडी, आणि एका मोठ्या ठिणगीऐवजी अनेक चिमुकल्या ठिणग्या. थंड तांब्याला लागून त्या चटकन विझत, आणि मग उंच तार मोकळेपणाने आपल्याच सुरात घुमे. जाता जाता सांगतो, त्या काळी जगाला चांगले अभ्रक पुरवणाऱ्यांत आपला देश आघाडीवर होता. कोडर्मा-हजारीबागच्या खाणींत ते पापुद्रे सोलणाऱ्या बाया-पोरांची नावे मात्र कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत.

बोटीवरच्या वायरलेसवाल्याला खलाशी 'स्पार्क्स', म्हणजे 'ठिणग्या', अशाच टोपणनावाने हाक मारीत. टायटॅनिक बोटीवर ५ किलोवॅटचे चाकाचे ठिणगी-यंत्र होते. १४ एप्रिल १९१२ च्या आदल्याच दिवशी ते बिघडले. जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड या दोघा नोकरदार तरुणांनी तासन्‌तास खपून ते स्वतः दुरुस्त केले. दुसऱ्या रात्री बोट हिमनगावर आदळली. फिलिप्स शेवटपर्यंत किल्लीवर बसून राहिला आणि त्यातच गेला. जवळच्या कॅलिफोर्नियन बोटीचा वायरलेसवाला दिवसभराचे काम संपवून झोपला होता. हाक ऐकली ती दूरच्या कार्पेथियाने. तिने पहाटे येऊन सातशेच्या आसपास माणसे उचलली. दीड हजार बुडाली, आणि त्यांत तिसऱ्या वर्गाची गरीब माणसे फार. तरीसुद्धा जे वाचले ते त्या ठिणगीमुळेच.

पुढे व्हॉल्व्ह आले आणि ठिणगी मागे पडली. व्हॉल्व्ह हेलकावा विझू देत नाही, अखंड चालवतो, म्हणून एकाच जागी अनेकांना बोलता येते. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठिणगीच्या यंत्रांना हळूहळू रजा देण्याचे ठरले. त्याच १९२७ साली आपल्या महाराष्ट्रात खडकीला संदेश पाठवण्याचे आणि दौंडला संदेश घेण्याचे मोठे व्हॉल्व्हचे केंद्र चालू झाले. खडकीची लहर थेट इंग्लंडला पोहोचू लागली. दौंड जंक्शनवर गाडी बदलणाऱ्या आपल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आणि आता १७ जुलै १९४७. खडकी-दौंड सुरू होऊन वीस वर्षे झालेली, टायटॅनिकला पस्तीस. गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट रेवसला निघाली. सणाला घरी जाणारी चाकरमानी माणसे, गिरणी कामगार, बायका, पोरे यांनी बोट भरलेली. मुंबईच्या गिरण्यांत चंदगड-आजऱ्याहूनही माणसे गेलेली असल्यामुळे तो धक्का आणि ती गर्दी आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना सांगावी लागत नाही. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेने बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

बोटीवर वायरलेस नव्हते. लहानशा इमर्जन्सी यंत्राला काय लागते ते वर सांगितलेच आहे. बॅटरी, कॉइल, कंडेन्सर, फट आणि उंच ताणलेली तार. १९४७ सालापर्यंत तर त्याहून बरी आणि लहान व्हॉल्व्हची यंत्रे बाजारात होती. समोर मुंबई बंदर, तिथे ऐकणारे कान होते. पण हाक मारायलाच काही नव्हते, आणि ज्यांच्या तिकिटावर ती बोट चालत होती त्यांनी ते मागायचे कोणाकडे? रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी आपली मासळी समुद्रात ओतली आणि जेवढी माणसे मचव्यात मावली तेवढी ओढून घेतली. मुंबईला मात्र कित्येक तास पत्ता नव्हता. बातमी शेवटी शहरात पोहोचली ती तरंगत, पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून.