राज्य बदलले, रकाना तोच

"पिता का नाम?" भरवेलीच्या शाळेत विचारला गेलेला प्रश्न आमच्या गावात "तंदेय हेसरु?" होऊन पुन्हा समोर आला.

भरवेली हे मध्य प्रदेशातील बालाघाटजवळचे मँगनीजच्या खाणीचे गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्याला लागून असलेला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, हे तिथल्या मराठी घरांनाही आपल्यासारखेच ठाऊक आहे.

तिथून एक आई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन नोकरीसाठी आमच्या शेजारी राहायला आली. तिचे लग्न झालेले नाही. भाषेची तिला भीती नव्हती. महिनाभरात मुलगी गल्लीतल्या पोरांना "बा, होगोण" म्हणू लागली. भीती होती ती त्या एका रकान्याची. शाळेतून तिला दोनदा परत पाठवले. "ताई, वडिलांचे संमतीपत्र आणा," एवढेच उत्तर.

असे पत्र कायदा मागत नाही. १९५६ च्याच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार अविवाहित आईच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, वडील तिच्यानंतर. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती अविवाहित आईच्या खटल्यातही तिचीच बाजू उचलून धरली. पालकत्वाच्या अर्जासाठी वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, आणि अशा आईने प्रतिज्ञापत्र दिल्यावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असे न्यायालयाने सांगितले.

शाळेचेही तसेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या राज्यातल्या सरकारी वा अनुदानित शाळेतही बदलून जाता येते. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा. तो उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. मुलाच्या ताब्याबाबत कोर्टाचा हुकूम असेल किंवा दावा चालू असेल, तर वकिलाला विचारून, कोर्टाची परवानगी घेऊनच गाव सोडावे. वडीलही कोर्टात जाऊ शकतात. तिथे मुलाचे हित आधी पाहिले जाते. निघताना जन्मदाखला, शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड आणि प्रतिज्ञापत्र एका पिशवीत जवळ ठेवावे.

मुलीला प्रवेश मिळाला. वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ, पालक म्हणून आईचे नाव.

पण गल्लीतला रकाना कोर्ट कसा भरणार? "यजमान कुठे असतात?" हे आडून आडून विचारणे संपले नव्हते. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, यावर कुजबूज झाली. माझ्या आईने ती ऐकली, काही बोलली नाही. संध्याकाळी मुलीला हाक मारून म्हणाली, "अव्वाला सांग, आजीनं बोलावलंय. आणि तूही ये, तीळगूळ घ्यायला."