संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ : लेखनाचा योगायोग की गणिताचा सिद्धांत?

नाशिकजवळील देवळाली येथे १९३० पासून १९६२ पर्यंत शालेय अध्यापन करणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) ह्यांनी पूर्णांकांचे जे नवे वर्ग कल्पिले, त्यांत डेम्लो संख्यांचा समावेश होतो. मुंबईजवळच्या ज्या रेल्वेस्थानकावर ही कल्पना सुचली, त्याचेच नाव त्यांनी ह्या संख्यांना दिले. ११, १११, ११११ ह्यांचे वर्ग अनुक्रमे १२१, १२३२१, १२३४३२१ येतात. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग म्हणजे शीर्षकातील सतरा अंकी संख्या होय.

अशा गुणधर्मांविरुद्ध एक आक्षेप प्रसिद्ध आहे. ते संख्येचे नसून दशमान लेखनाचे असतात, म्हणून त्यांना गणितात स्थान नाही. जी. एच. हार्डी ह्यांनीही १९४० साली अशा प्रकारच्या अंकवैचित्र्याची योग्यता कोड्यांच्या सदरापुरतीच मानली होती. प्रस्तुत संख्येवर हा आक्षेप तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

तिचे काही धर्म लेखनावर मुळीच अवलंबून नाहीत. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असल्यामुळे तिच्या वर्गात ३ हा मूळ अवयव चार वेळा, तर ३७ आणि ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. त्यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ ठरतात.

अंकांचा चढउतार मात्र लेखनाधीन आहे. गुणाकार मांडताना एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरतात आणि हातचा कोठेच येत नाही. दहा एक घेतल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा मोडतो.

आता अंकांची बेरीज पाहू जाता ती ८१ भरते, आणि ८१ ने ह्या संख्येस निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्या म्हटले. दहा एकांच्या वर्गात ही बेरीज ८२ होते. वर्ग विषम असल्याने भाग जात नाही.

मग नऊ एकांचे हे यश योगायोगाचे काय? दहाऐवजी ब हा कोणताही पाया घेऊन (ब−१) एकांची संख्या र मानावी. ब च्या प्रत्येक घातास (ब−१) ने भागले असता १ इतकीच बाकी राहते. असे (ब−१) घात मिळविल्यावर र ला (ब−१) ने निःशेष भाग जातो. म्हणून र च्या वर्गास (ब−१) च्या वर्गाने भाग जातो. आणि त्या वर्गाच्या अंकांची बेरीजही तितकीच असते. उदाहरणार्थ, अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो. त्याच्या अंकांची बेरीज एकोणपन्नास असून तेवढ्याने त्यास भाग जातो.

तात्पर्य, आक्षेप अर्धाच खरा आहे. विशिष्ट संख्येचे रूप पायाबरोबर बदलते. परंतु त्या रूपामागील संबंध प्रत्येक पायात टिकतो, आणि जो असा टिकतो त्यास सिद्धांत म्हणणेच योग्य होय.